डावी बाजू रुईने, उजवी कातड्याने

अब्दुल गनी हा माणूस मला कधी आवडला नाही, आणि मी त्याला आवडत होतो असेही नाही. तरी रामरावांच्या पदरी मी जी वर्षे काढली त्यांत स्वतःचे काम पुरते कळणारा एकच माणूस पाहिला, तो हाच. त्याची नोकरी कशी गेली ते मी जवळून पाहिले आहे. तेव्हा जे घडले ते घडले त्याच क्रमाने लिहितो.

रामराव दुसरबीडचे मोठे जमीनदार. मेहकरला कापसातून सरकी काढून रुई करणारे त्यांचे जिन होते आणि कोर्टकचेरीच्या सोयीसाठी बुलढाण्यात बंगला. त्या बंगल्याच्या पुढच्या खोलीत बसून मी त्यांची इंग्रजी पत्रे आणि कागद पाहत असे. बुलढाण्याला रेल्वे नाही. नागपूरला किंवा मुंबईला जायचे तर घाट उतरून मलकापूर गाठावे लागे. म्हणून रामरावांनी छत्तीस साली मोटार घेतली. काळी, लांब, आरशासारखी. तिच्याबरोबर अकोल्याहून ड्रायव्हर आणला, तो अब्दुल गनी.

गनी मूळचा सुलतानपूरचा पिंजारी. बाप खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव गाद्या पिंजत फिरे आणि गनी त्याच्यामागे गोळे उचलत फिरे. बाप खोकून खोकून मेला. सोळाव्या वर्षी गनी घर सोडून अकोल्याला पळाला आणि एका पारशाच्या मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात राहिला. तिथे बारा वर्षांत तो इंजिन उघडायला शिकला, मोटार हाकायला शिकला, आणि मोटार धुऊन कोरडी कशी करावी हे शिकला. पारशाने निरोप देताना त्याला मेंढीचे एक मऊ, पिवळसर कातडे दिले. कारखान्यात त्या कातड्याला शामी म्हणत. ते ओले करून पिळले की पाणी शोषून घेते. गनी ते नेहमी ओलसरच ठेवी, कारण वाळले की ते पापडासारखे कडक होते.

स्वभावाने तो तुसडा होता. मडगार्डला कोणी टेकले की तो त्या माणसाचा हात धरून बाजूला करी, मग तो गडी असो की वकील. एका वकिलांना त्याने पाय झटकून बसा असे सांगितले होते. सरस्वतीबाईंनी, म्हणजे रामरावांच्या पत्नीने, मोटारीच्या पुढच्या पट्टीवर नारळ फोडायला घेतला तेव्हा त्याने नारळ त्यांच्या हातातून काढून दगडावर फोडून दिला. घरातले कोणी त्याच्याशी कामाखेरीज बोलत नसे. तो गॅरेजमध्ये स्टोव्हवर एकट्यापुरता चहा करी आणि दुसऱ्याला विचारीत नसे.

मोटार धुण्याची त्याची पद्धत ठरलेली होती. सकाळी ऊन यायच्या आत गॅरेजच्या सावलीत मोटार उभी करायची. आधी नुसते पाणी सोडून धूळ वाहू द्यायची. मग कातडे पिळून टपाशेजारच्या पत्र्यावर अंथरायचे, दोन्ही टोके धरून स्वतःकडे ओढायचे, उचलायचे, पिळायचे आणि पुढच्या जागेवर अंथरायचे. वरून खाली यायचे. चाकाजवळच्या भागाला कातडे लावायचे नाही, तिथे जुनी लुंगी. गोल गोल फिरवायचे नाही. "पानी उचलाचं असते, घासाचं नसते," असे तो म्हणे, तेही विचारले तरच.

ही सगळी खटपट त्याला करावी लागे, कारण बंगल्याच्या विहिरीचे पाणी जड होते. त्या पाण्याने हंड्याला आतून पांढरा थर चढे. मोटारीवरचे थेंब उन्हात वाळले की काळ्या रंगावर पांढरे गोल डाग उमटत.

श्रावणात असे डाग उमटले. गनीने मोटार धुऊन नुकतेच कातडे पिळायला घेतले होते. तेवढ्यात उकंडरावांनी त्याला हाक मारली. उकंडराव सरस्वतीबाईंचे थोरले भाऊ. जिनाचा आणि बंगल्याचा कारभार त्यांच्याकडे असे, म्हणून सगळे त्यांना कारभारीच म्हणत. फाटकात सरकीची गाडी येऊन उभी होती.

"गनी, पोते उतरव."

"मी डायवर आहो कारभारी, हमाल नाही."

"पगार कोनाच्या घरचा खाते बे?"

"मालकाच्या घरचा. तुमी भी तिथलाच खाता."

आतून रामरावांनी "काय चाललं रे" म्हणून विचारले, तेव्हा गनी मुकाट्याने गेला आणि अकरा पोती उतरवून आला. तोवर ऊन गॅरेजच्या कोपऱ्यावरून खाली आले होते. त्याच दिवशी रामरावांना डिप्टी कमिशनरच्या बंगल्यावर जायचे होते. तिथे दुसऱ्या एका जमीनदाराने बॉनेटकडे बोट दाखवून चारचौघांत विचारले, "काहो रामराव, मोटारीले देवी आल्या काय?"

रामराव घरी आले ते तेच शब्द तोंडात घेऊन. ओसरीवर गनीला बोलावले, उकंडराव आधीच तिथे होते.

"डाग काऊन पडले?"

"धूत असताना कारभाऱ्यांनी पोते उतरवाले नेलं, मालक. अन् हे कातडं आता जुनं झालं. मधात भोक पडलं. मुंबईहून नवं मागवा लागते."

उकंडराव हसले. "ऐका दाजी. घरात रुईच्या गठानी पडल्या आहेत, अन् याले मुंबईचं कातडं पाह्यजे. साऱ्या दुनियेत रुईपेक्षा मऊ काही आहे काय?"

"रुई पानी पीत नाही," गनी म्हणाला.

"पीत नाही? मंग दिव्यात वात काय करते? पावशेर तेल पिऊन जाते रातभऱ्यात."

"तेल पिते. म्हनूनच पानी पीत नाही. माह्या घरात पानी सांडलं तं माय जुन्या लुगड्यानं पुसे. घर रुईनं भरलं होतं, पन तिनं कधी रुई घेतली नाही. अन् जिनातल्या रुईत सरकीचे तुकडे राह्यते. ते काळ्या रंगावर रेघा पाडते."

"पिंजाऱ्यानं रुईले नावं ठेवावं म्हंजे झालं," उकंडराव म्हणाले. "बापानं जिच्यावर पोट भरलं तिलेच."

गनीचा चेहरा बदललेला मी पाहिला. "तिनंच बाप खाल्ला," तो म्हणाला आणि हुकूम न घेता ओसरी उतरून गेला.

त्यात उकंडरावांची चूक विचित्र असली तरी आमच्याकडे ती कोणीही केली असती. मीही मनातून त्यांच्याच बाजूचा होतो. कापसावर जगणाऱ्या मुलखात कापसाला न येणारे काम असू शकते हे कोणाच्या डोक्यात येत नाही. वाती, गाद्या, जखमेवरचा बोळा, सगळे त्याचेच.

पुढे दीड महिना दोघांचे वैर चालले. उकंडरावांनी नवे कातडे मागवू दिले नाही आणि रोज सकाळी गॅरेजच्या दारात रुईचा एक पुडा ठेवायला लावला. गनी तो पुडा घेई आणि इंजिनाचे तेल पुसायला वापरी. काळे झालेले बोळे तो उकंडरावांच्या खिडकीखाली नीट ओळीने मांडून ठेवी. एकदा उकंडरावांनी विचारले तेव्हा म्हणाला, "रुई तेल पिते म्हने तुमी. तिले तेल देल्लं." उकंडरावांनी त्याचा चहाचा स्टोव्ह आगीची भीती म्हणून बंद करायला लावला. गनीने उकंडरावांना मेहकरला नेताना वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यातून मोटार घातली. रामराव बरोबर असले की तोच रस्ता जणू दुसराच होई.

शेवटी रामराव कंटाळले. दसरा आठ दिवसांवर आला होता. त्या दिवशी मोटारीची पूजा करून संध्याकाळी तिच्यातून सीमोल्लंघनाला जायचे असा रिवाज पडला होता. त्यांनी दोघांना आणि मला बोलावले.

"दसऱ्याच्या सकाळी मोटार धुवा," ते म्हणाले. "अर्धी उकंडराव रुईनं पुसतीन, अर्धी गनी कातड्यानं. मी पाहीन. रुईची बाजू बरोबर निघाली तं गनी, तू दुसरं घर पाहाचं. तुही बाजू चांगली निघाली तं कातडं मागवू अन् मोटारीच्या कामात कोनी बोलनार नाही."

"आन् मी हरलो तं?" उकंडरावांनी हसत विचारले.

"तुमी कुठं जानार?" रामराव म्हणाले.

अटी मी कागदावर लिहिल्या. विहीर तीच, बादल्या तितक्याच, मोटार गनीनेच धुवायची, सुरुवात एकाच वेळी. गनी म्हणाला, "एकमेकाच्या बाजूले हात लावाचा नाही, हे लिहा." त्याला भीती होती की उकंडराव मुद्दाम येऊन त्याची बाजू बिघडवतील. उकंडराव म्हणाले, "अन् बोलाचं भी नाही. हा मधात बडबड करन." मी तेही लिहिले. रामरावांनी न वाचता खाली सही केली. तो कागद मी फाइलला लावून ठेवला.

दसऱ्याच्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी दोघे उभे राहिले. मोटार धुऊन निथळत होती. मधोमध बॉनेटपासून मागच्या काचेपर्यंत सुतळी ताणली होती. उजवी बाजू गनीची, डावी उकंडरावांची. रामराव आत पूजेला बसले होते आणि घड्याळ माझ्या हातात होते.

गनीने नेहमीसारखेच काम केले. कातड्याच्या भोकाजवळचा भाग तो मुठीत धरी, म्हणजे भोक पत्र्यावर येत नसे. चौदा मिनिटांत त्याची बाजू कोरडी झाली. शेवटी त्याने कमरेला खोचलेली जुनी लुंगी काढून खालची पट्टी पुसली आणि तो मोटारीला वळसा घालून डावीकडे आला. सात-आठ हातांवर उभा राहिला. कातडे त्याच्या हातात होते.

उकंडरावांनी पुतण्याच्या लग्नात घातलेला कोट काढून ठेवला होता. रुईचा पहिला बोळा त्यांनी पत्र्यावर फिरवला. पाणी बोळ्याच्या पुढे पुढे पळत राहिले, आत काही गेले नाही. त्यांनी बोळा दाबला. पाणी बाजूने निसटले आणि पत्र्यावर तंतू चिकटले. मग त्यांनी मोठा बोळा घेतला आणि जोर लावून गोल गोल घासायला सुरुवात केली, जमीन सारवावी तसे. समोरच्या दारावर तो फिरताना किरकिर असा बारीक आवाज आला. मी वाकून पाहिले. बोळ्यात सरकीच्या टरफलाचा काळा तुकडा होता आणि दारावर केसाएवढी एक रेघ उठली होती. मग दुसरी. मग कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे.

मी गनीकडे पाहिले. तोही तिकडेच पाहत होता. कातड्यात थेंब उरला नव्हता, तरी तो ते पिळत होता. त्याने माझ्याकडे पाहिले. मी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने काचा पुसू लागलो. बराच वेळ पुसत होतो.

उकंडरावांना एकूण एक्केचाळीस मिनिटे लागली. शेवटचे थेंब वाऱ्यानेच वाळले. तंतू त्यांनी हाताने वेचून काढले. रामराव कपाळाला गंध लावून बाहेर आले, सरस्वतीबाई पूजेचे ताट घेऊन मागे. डावी बाजू अजून सावलीत होती. रामरावांनी दोन्हीकडून फेरी मारली.

"मले तं दोन्ही सारखेच दिसते," ते म्हणाले.

"तेच सांगत होतो दाजी. फुकटची वस्तू सोडून कातड्याची हाव." उकंडरावांनी कोट चढवला. "गनी, सुलतानपूरले कोनती सर्व्हिस मोटार जाते, तुले ठावच असन."

गनीने कुंपणाच्या भिंतीकडे पाहिले. तिच्यावर ऊन चढत होते. सरस्वतीबाईंनी ताटातला दिवा लावला, वारा लागला म्हणून विझला, पुन्हा लावला. तेवढ्यात ऊन भिंतीवरून उतरून डाव्या दारावर तिरपे पडले.

दारभर रेघा होत्या. पुढच्या मडगार्डवरही होत्या. रामरावांनी आधी बोट फिरवले, मग नख, मग थुंकी लावून अंगठ्याने घासले. रेघा तशाच.

"हे कवा पडलं?" त्यांनी विचारले. विचारले सगळ्यांना होते, पण उत्तर गनीने दिले.

"दुसऱ्या बोळ्याले, मालक. समोरच्या दारापासून सुरू झालं."

"म्हंजे तू पाहून राह्यला होता."

"हाव."

"अन् गुमान उभा होता."

"कागदावर लिहेल होतं. हात लावाचा नाही, बोलाचं नाही. खाली तुमची सही आहे."

रामराव माझ्याकडे वळले. "लिहेल होतं?"

"हो," मी म्हणालो. बोलू नये ही अट उकंडरावांनी घालायला लावली होती, हे मी सांगू शकत होतो. मीही रेघ पाहिली होती, हेही सांगू शकत होतो. मी फक्त हो म्हणालो.

"दाजी, हे पानीच वाईट," उकंडराव म्हणू लागले.

"तुमी चूप राहा," रामराव म्हणाले. "तुमाले अक्कल नाही हे मले लगनापासून ठाव आहे. तुमाले काय बोलू." मग ते गनीजवळ गेले. आवाज चढवला नाही. "उकंडरावले कळत नव्हतं. तुले कळत होतं. कागद या कारकुनानं लिहिला असन, पन मोटार तुह्या हाती देल्ली होती. एक डाव वरडला असता तं काय झालं असतं? शर्यत हरला असता. तुले शर्यत जिंकाची होती, माही मोटार गेली खड्ड्यात."

"दीड महिना वरडून राह्यलो होतो, मालक. कोनी ऐकलं?"

"आज ऐकलं असतं."

"आज ऐकलं असतं तं उद्या पुन्हा रुईचा पुडा आला असता."

रामरावांनी हात पुढे केला. "चाबी."

"आज दसरा आहे," सरस्वतीबाई मागून म्हणाल्या. "सनाच्या दिवशी मानूस काढू नका. गाडी कोन हाकन संध्याकाळी?"

हात मागे गेला. "उद्या सकाळी," रामराव म्हणाले.

उजवी बाजू उन्हात कशी दिसते हे कोणी पाहिलेच नाही. शर्यत गनीने जिंकली होती. तसे कोणी म्हटले नाही, आणि त्यानेही म्हणून दाखवले नाही.

डाव्या दारावर सरस्वतीबाईंनी झेंडूच्या माळा इतक्या दाट बांधल्या की पत्रा दिसेना. संध्याकाळी गनीने स्वच्छ कपडे घालून मोटार हाकली. रस्त्यात एकही खड्डा लागू दिला नाही, मागे उकंडरावही बसले होते तरी. परतल्यावर बंगल्यात आपट्याची पाने वाटली गेली. उकंडराव सगळ्यांच्या देखत गनीसमोर गेले. सुटलो असे त्यांना वाटत असावे.

"घे बे, सोनं घे. झालं गेलं सोडून दे."

गनीने पाने घेतली नाहीत. "दारावर पसरा कारभारी," तो म्हणाला. "माळा उद्या सुकतीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मोटार धुतली, कातड्याने दोन्ही बाजू पुसल्या, चाबी माझ्या टेबलावर ठेवली. वळकटीत वरच्या अंगाला ओले कातडे गुंडाळून घेतले. ते त्याचे स्वतःचे होते. कोणाला सलाम केला नाही. फाटकाशी बंगल्याचा माळी भगवानराव उभा होता, तोही दुसरीकडे पाहत राहिला. या घरात त्याने एकही माणूस जोडला नव्हता, आणि तसे पाहिले तर आम्हीही त्याला जोडू दिले नव्हते.

नवा ड्रायव्हर आला. रामरावांनी त्याला पहिल्याच दिवशी आपले जुने, धुऊन धुऊन विरलेले धोतर काठ फाडून दिले आणि रुईला हात लावशील तर बघ असे बजावले. धोतराने पाणी बरे टिपते, फक्त वेळ जास्त लागतो. उकंडराव कारभारी राहिले. दाराला नवा रंग लावायला रामरावांनी अकोल्याला मोटार पाठवली नाही. चढताना रोज ते त्या रेघांकडे पाहत आणि उकंडराव बरोबर असले तर त्यांना आधी चढायला सांगत.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी, लढाईच्या दिवसांत, मी दुसरबीडच्या फाट्यावर सर्व्हिस मोटारीची वाट पाहत होतो. पेट्रोल मिळेना म्हणून त्या गाड्या कोळशावर चालत. मागे भट्टी, सगळी गाडी धुराने आणि मुरमाच्या धुळीने माखलेली. ती थांबली आणि ड्रायव्हरच्या जागेवरून अब्दुल गनी उतरला. दाढी पिकली होती. त्याने खिशातून तळहाताएवढा कातड्याचा तुकडा काढला, डब्यातल्या पाण्यात बुडवून पिळला आणि समोरच्या काचेवरून वरून खाली ओढला. गाडीचा दुसरा कुठलाच भाग त्याने पुसला नाही.

मी जवळ गेलो. "गनीभाई, ओळखलं का?"

"हाव. कागदवाले." त्याने कातडे उलटे केले. "रेघा आहेत?"

"आहेत."

"उकंडराव?"

"तेही आहेत."

इतक्या वर्षांत मनात राहिलेले मी तेव्हा बोलून टाकले. म्हणालो, "ती पहिली रेघ मीही पाहिली होती. मी बोलायला हवं होतं."

"मले ठाव आहे," तो म्हणाला. "तुमी चष्मा पुसत होते." त्याने काच पुसून संपवली आणि माझ्या डोळ्यांवरच्या चष्म्याकडे पाहिले. "तो कायनं पुसता?"

"धोतरानं."

"तवा भी धोतरानंच पुसत होते. घरात एवढी रुई असून."

तो आपल्या जागेवर जाऊन बसला. मी मागे चढलो, भट्टीजवळ जागा मिळाली. मेहकरपर्यंत त्याने एकही खड्डा चुकवला नाही.